नातवंडाच्या आडून नको

"नातवंड झालं की सगळं ठीक होतं." आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात एका काकांनी हे लिहिलं आणि खाली भराभर जोडलेले हात पडले. विषय होता आमच्याच भागातल्या एका मुलीचा. तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी नोंदणी विवाह केला, तर वडिलांनी तिचं जिवंतपणी दहावं घातलं. मुंडण केलं, पिंड ठेवला, पंगत उठवली. ग्रुपवर काहींनी त्यांचं कौतुक केलं. बाकीच्यांनी समजुतीचा सूर लावला: थोडं थांबा, दोन वर्षांत पाळणा हलला की हाच बाप खेळणी घेऊन दारात उभा राहील.

कौतुक करणाऱ्यांचं मला नवल वाटलं नाही, त्यांना मी लहानपणापासून ओळखते. मला चीड आली ती समजूतदारांची. हे वाक्य ऐकायला मायेचं आहे, म्हणून त्याच्या पोटात काय आहे ते कुणी बघत नाही. बाप मुलीकडे परत येणार नाही, तो नातवाकडे येणार. मुलगी फक्त दार उघडायची. ज्या अपमानामुळे नातं तुटलं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, बाळाच्या अंगावर सोन्याची साखळी घालायची आणि मधली वर्षं झालीच नाहीत असं धरून चालायचं. आणि जिला मूल होणार नाही, किंवा नको असेल, तिनं काय करायचं? तिच्या बापाला परत यायला वाटच नाही का?

मी हे तावातावानं लिहितेय याला कारण आहे. आम्ही मराठा, तासगाव तालुक्यातले. माझं सासर बौद्ध, मिरजेचं. विशेष विवाह कायद्याखाली आमची 30 दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागली तेव्हा ती कुणीतरी वाचली आणि त्याच दुपारी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन गेला. अण्णांनी दहावं घातलं नाही. ते बोलायचे थांबले, एवढंच. पण 'एवढंच' कसलं ते ज्याच्या वाट्याला येतं त्यालाच कळतं. आम्हाला मूल नाही. तरी आत्या दरवर्षी दिवाळीला हेच वाक्य मला फोनवर ऐकवायची, आणि ठेवताना म्हणायची, "डॉक्टरला दाखव एकदा, अण्णांसाठी तरी."

आपल्याकडे या प्रश्नावर सरकारपासून सोयऱ्यापर्यंत सगळे बोलतात, आणि सगळे मुलीशीच बोलतात. 13 डिसेंबर 2022 ला राज्याच्या महिला व बालविकास विभागानं एक समिती नेमली होती, आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती. वसईच्या तरुणीचा दिल्लीत झालेला खून तेव्हा नुकताच उघडकीला आला होता. वडिलांशी संबंध तुटलेली मुलगी किती एकटी पडते हे सगळ्या देशानं पाहिलं होतं, त्यामुळे काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण समितीनं काम काय करायचं? अशी लग्नं कुठे झाली याची माहिती गोळा करायची, मुली माहेरच्या संपर्कात आहेत का ते बघायचं, समुपदेशन करायचं. विरोध झाल्यावर दोन दिवसांत 'आंतरजातीय' शब्द वगळला गेला आणि आंतरधर्मीय तेवढं राहिलं. यादी मुलींची. ज्यांनी दार लावून घेतलं त्या बापांची यादी करावी, त्यांच्या घरी कुणी जाऊन बसावं, हे कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये लता सिंह प्रकरणात स्वच्छ सांगून ठेवलंय की सज्ञान मुलीचं लग्न आईवडिलांना पसंत नसेल तर ते फार तर तिच्याशी संबंध तोडू शकतात. धमकी नाही, मारहाण नाही, छळ नाही. या निकालानं किती जणींचे जीव वाचले असतील. पण त्यातलं 'फार तर' मला कायम टोचतं. तोडण्याचा अधिकार बापाला आहे, ठीक. मग जोडण्याची सुरुवातही त्यानंच करायला हवी. ज्याच्या हातात कडी, त्यानंच ती काढायची.

मी जर्मनीत, हिल्डेसहाइमला राहते. इथे या बाबतीत लोक किती मोकळे आहेत हे मी ग्रुपवर अनेकदा लिहिलंय, आणि त्यावरून मला "तिकडची झाली" हे ऐकावंही लागलंय. पण मी लिहितेच. इथे बापाला मुलीचा कितीही राग असो, फ्लिश्टटाइल तिला मिळतोच, म्हणजे कायद्यानं जो वाटा आला असता त्याच्या निम्मी रक्कम. काही अगदी गंभीर कारणं सोडली तर मृत्युपत्रानंही तो काढून घेता येत नाही. त्यामुळे मुलगी वीस वर्षांनी बापाला भेटायला गेली तर शेजारी असं म्हणत नाहीत की जमिनीवर डोळा ठेवून आली. आपल्याकडे हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या विनीता शर्मा निकालानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा ठरला. तरीही मी अण्णांशी पुन्हा बोलायला लागले तेव्हा चुलत्यांनी पहिला प्रश्न सातबाऱ्याचाच काढला.

उलट बाजूनंही तसंच. 2014 मध्ये कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे ब्रेमेनचं एक प्रकरण आलं होतं. बापानं मुलाशी कित्येक दशकं संबंध ठेवले नव्हते, मृत्युपत्रातही त्याला कमीत कमी जेवढं द्यावं लागतं तेवढंच ठेवलं होतं. बाप वृद्धाश्रमात राहून गेला आणि शहरानं मुलाकडून खर्च मागितला, नऊ हजार युरोंच्या आसपास. न्यायालय म्हणालं, द्यावे लागतील. नुसतं बोलणं सोडलं म्हणून बापाचा पोटगीचा हक्क जात नाही. 2020 पासून वर्षाला एक लाख युरोंपेक्षा जास्त मिळकत असलेल्या मुलांवरच हा भार येतो. माझ्या ऑफिसातल्या एका बाईनं शाळा सुटल्यापासून वडिलांचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांच्या दफनाचं पत्र नगरपालिकेकडून आलं तेव्हा तिनं पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी कामावर आली. तिला कुणीही म्हणालं नाही की बापच तो शेवटी, माफ करून टाक. कर्तव्य निराळं, माया निराळी. आपल्याकडेही 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, न्यायाधिकरण आहे, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्चाची तरतूद आहे. पण आपल्याकडे पैसे दिले तरी भागत नाही, रडूनही दाखवावं लागतं.

हे सगळं मी मनापासून मानते. तरी त्या बाईच्या जागी मी कधीच उभी राहू शकले नसते, हेही मला माहीत आहे. इथेही माणसं तुटतात. मुलांनी बोलणं टाकलेल्या आईबापांचे मदतगट चालतात, ते गेमाइंडेहाउसमध्ये, म्हणजे चर्चच्या सभागृहात, जमतात, कॉफी पितात, रडतात. मीही इथल्या एका समुपदेशन केंद्रात जात होते. तिथल्या बाईंनी सुचवलं की वडिलांना पत्र लिहा, पाठवू नका, रागाला वाट मिळू दे. मी जर्मनमध्ये लिहायला बसले. राग पानभर लिहून झाला आणि अण्णा त्यात कुठेच नव्हते. मराठीत लिहिलं असतं तर पहिल्या ओळीत 'तीर्थरूप' लिहावं लागलं असतं, आणि ते लिहिल्यावर मला भांडता आलं नसतं.

आणखी एक गोष्ट ग्रुपवर कधी लिहिली नाही. लग्नानंतर मी नाव बदललं नाही, त्यामुळे पासपोर्टावर माझ्या नावापुढे अण्णांचं नाव आहे. इथल्या कार्यालयांना ते माझंच दुसरं नाव वाटतं. क्रांकेनकासेच्या, म्हणजे आरोग्य विम्याच्या कार्डावर, वीजबिलावर, दंतवैद्याच्या पत्रावर, सगळीकडे माझ्याबरोबर अण्णा. ते माझ्याशी बोलत नव्हते त्या सगळ्या काळात पत्रपेटी उघडली की त्यांचं नाव समोर यायचं. नागरिकत्व घेतलं तेव्हा श्टांडेसआम्टमधल्या, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी विचारलं की हा भाग काढून टाकायचाय का, कायद्यानं तशी सोय आहे, सही केली की झालं. मी नको म्हणाले. भारताचा पासपोर्ट परत करताना मी मोडले नव्हते, पण त्या टेबलापाशी मला बोलता येईना.

अण्णा सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते. हंगामात मला कधी कधी प्रयोगशाळेत न्यायचे. हातात धरायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब ठेवायचे, झाकण लावायचे आणि नळी माझ्या डोळ्याला. वर निळं, खाली पांढरं, आणि मध्ये जिथे रेघ पडली तो आकडा मी ओरडून सांगायचे, "वीस!" ते वहीत लिहायचे. माझा आकडा ते पुन्हा तपासून बघायचे नाहीत, याचा मला केवढा अभिमान होता. सगळ्या गोड आठवणींत मला हीच खरी वाटते, कारण तिथे लाड नव्हते, विश्वास होता.

आमच्या आसपास बिटाची शेती आहे, नॉर्डश्टेमेनचा कारखाना जवळ आहे. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत रस्त्याकडेला बिटांचे ढीग लागतात आणि ते उचलायला माऊस येतं, म्हणजे बीट ट्रकमध्ये भरायचं अवाढव्य यंत्र. एका ऑक्टोबरात मी अशा ढिगाचा फोटो स्टेटसला ठेवला. रात्री अण्णांचा मेसेज. ना नाव, ना खुशाली: "बीट का? उतारा किती?" मी हात पुसून बसले आणि शोधून लिहिलं, 17-18 टक्के. लगेच उत्तर आलं: "ती बिटातली साखर झाली. पोत्यात किती पडते ते विचारलं." मग मी ते शोधलं. मग त्यांनी विचारलं की चरक नाही तर रस कसा काढतात. मी सांगितलं, चकत्या करून गरम पाण्यात. ते म्हणाले, माहीत आहे, मार्गग्राफनं 1747 मध्ये बर्लिनला बिटात साखर दाखवली, आम्हाला पुस्तकात होतं. आमच्याकडे 12 टक्के पडले तरी पेढे वाटतात.

असं बरेच महिने चाललं. मळी, भुस्सा, चुनखडी. कुणी म्हणेल की हेही आडूनच झालं, मग नातवंडानं तुझं काय बिघडवलं? फरक आहे. साखर आम्हा दोघांची होती. तिच्यात तिसरा जीव नव्हता, आणि अण्णा ज्या मुलीला विचारत होते ती मीच होते. शिवाय साखरेवर ते थांबले नाहीत. हंगाम संपल्यावर एकदा त्यांनी फोन केला. आवाज म्हातारा झाला होता. म्हणाले, "तुझ्या लग्नाला मी यायला पाहिजे होतं. मुलगा वाईट नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. मी भावकीला भ्यालो."

त्या शेवटच्या वाक्यानं माझा राग जेवढा उतरला तेवढा त्या समुपदेशन केंद्रात कधी उतरला नव्हता. कारण ते खरं होतं. 2013 मध्ये नाशिकला एका बापानं आपल्या गरोदर मुलीचा जीव घेतला, आणि जातपंचायतीचा दबाव काय करतो हे महाराष्ट्राला कळलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जातपंचायतींविरुद्धची मोहीम त्यातून उभी राहिली, 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला. आमच्याकडे पंचायत नव्हती. लग्नपत्रिका न येणं होतं, पारावर जागा न सरकवणं होतं. त्याला घाबरून माणसं लेकीला मुकतात आणि त्याला अब्रू म्हणतात. अण्णांनी त्याला भीती म्हटलं.

म्हणून काकांचं ते वाक्य वाचून मी उत्तर लिहायला घेतलं होतं. त्याआधी अण्णांचंच आलं. ते ग्रुपवर सणाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहीत नाहीत. लिहिलं होतं, "आम्हाला नातवंड नाही. मी मुलीला फोन केला." त्याखाली कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी एका चुलत बहिणीनं मला वेगळा मेसेज करून विचारलं की अण्णा तिच्या वडिलांशी बोलतील का. बोलले ते, फायदा झाला नाही. दहावं घातलेल्या त्या वडिलांकडेही जाऊन आले. त्यांनी चहा दिला आणि विषय निघू दिला नाही. अण्णा म्हणतात, पुन्हा जाईन.

अण्णा, तुम्ही हे वाचाल, म्हणून एक बाकी राहिलेलं इथेच लिहिते. फोनवर मला ते जमत नाही. तासगावहून मिरज एसटीनं तासाभरावर आहे. माझे सासरे तिथे राहतात, त्यांचं वय तुमच्याएवढंच आहे, ते रेल्वेतून रिटायर झाले. एवढ्या वर्षांत तुम्ही त्यांच्या घरी गेलेला नाहीत, पाणी घेतलेलं नाही. मी सुट्टीला येईन तेव्हा सगळे मिळून जाऊ, असं तुम्ही म्हणता. मी यायची वाट बघू नका. तुम्ही एकटे जा, आणि जेवून या.