रोमान्स करता येणाऱ्या पात्रांचा लैंगिक कल लेखकानेच ठरवावा

व्हिडिओ गेममधल्या ज्या पात्रांशी प्रेमसंबंध जुळवता येतात, त्यांचा लैंगिक कल आधीपासून ठरलेला असावा, की खेळणाऱ्याने स्वतःसाठी पुरुष पात्र निवडले आहे की स्त्री यावरून तो ठरावा, हा वाद रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांमध्ये अनेक वर्षे चालू आहे. माझ्या मते तो लेखकाने ठरवावा, आणि एकदा ठरल्यावर खेळणाऱ्याने कितीही मनधरणी केली तरी त्या पात्राला नकार देता आला पाहिजे.

'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' (२०१४) या गेममधल्या डोरियन या साथीदार पात्राचे उदाहरण पाहा. तो समलिंगी आहे. घराण्याच्या इभ्रतीसाठी ठरवलेले लग्न त्याने नाकारले, तेव्हा त्याच्या वडिलांनी रक्तजादू वापरून त्याला बदलण्याचा घाट घातला. पुढे रेडक्लिफ गावात बापलेक समोरासमोर येतात, तेव्हा डोरियनच्या बोलण्यात रागापेक्षा दुखावलेपण जास्त असते, कारण रक्तजादूचा तिरस्कार करायला त्याला याच वडिलांनी शिकवलेले असते. आता हाच डोरियन केवळ खेळणाऱ्याची इच्छा म्हणून नायिकेच्या प्रेमात पडला, तर योग्य मुलगी भेटली की पोरगा सुधारेल, असे मानणाऱ्या प्रत्येक बापाचे म्हणणे खरे ठरेल. त्या प्रसंगाचा सगळा जीवच निघून जाईल.

'ड्रॅगन एज २' (२०११) मध्ये नेमकी उलट वाट धरली होती. तिथला अँडर्स नायकावरही प्रेम करू शकतो आणि नायिकेवरही. परंतु कार्लशी असलेले आपले जुने प्रेम तो हॉक, म्हणजे खेळणाऱ्याचे पात्र, पुरुष असल्यास त्याच्याकडे कबूल करतो, तर स्त्री हॉकसमोर त्याविषयी मौन पाळतो. ज्या माणसाच्या मृत्यूने तो कोलमडतो, तो त्याचा प्रियकर होता की नाही, हे ऐकणारा कोण आहे यावर अवलंबून राहते, आणि ही गोष्ट मला फार खटकते. उभयलैंगिक माणसाला पूर्वायुष्य असते आणि ते समोरच्याला पाहून पुसले जात नाही. याच मालिकेतले झेव्हरान आणि इसाबेला स्त्री-पुरुष दोघांविषयीच्या आपल्या ओढीबद्दल मोकळेपणाने बोलतात. त्यांचा कलही ठरलेलाच आहे, फक्त तो दोन्हीकडे आहे.

विरुद्ध बाजूचा एक आक्षेप मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. कल ठरवून देण्याच्या नावाखाली समलिंगी खेळाडूंच्या वाट्याला वर्षानुवर्षे उरलेसुरले आले. 'मास इफेक्ट'च्या पहिल्या दोन भागांत (२००७ आणि २०१०) खेळणाऱ्याचे पात्र असलेल्या शेपर्डला, तो पुरुष असल्यास, कोणत्याही पुरुषाशी प्रेमसंबंध जोडता येत नव्हते. ती सोय २०१२ मध्ये, तिसऱ्या भागात आली. इतकी वर्षे दार बंद राहिलेल्या माणसाने 'सगळी पात्रे सगळ्यांसाठी खुली करा' असे म्हटले, तर त्याला हट्टी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणूनच कल ठरवणाऱ्या स्टुडिओने, प्रत्येक प्रकारच्या खेळाडूला मनापासून लिहिलेले निदान एक नाते मिळते आहे ना, हे लेखनाच्या टप्प्यावरच तपासले पाहिजे.

प्रत्येक कथेला हे बंधन हवेच, असेही नाही. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मधल्या कार्लॅकच्या छातीत हृदयाच्या जागी धगधगते इंजिन आहे आणि त्यामुळे सुरुवातीला तिला कोणालाही जवळ घेता येत नाही. तिची स्पर्शाची भूक समोर स्त्री असो वा पुरुष, तितकीच खरी वाटते.

'सायबरपंक २०७७' (२०२०) मध्ये खेळणाऱ्याचे पात्र म्हणजे व्ही. ज्युडी फक्त स्त्री व्हीच्या प्रेमात पडते, पॅनमला पुरुष व्ही लागतो, आणि नकार मिळाल्यावरही व्हीची दोघींशी असलेली मैत्री तुटत नाही. ही अट काढून टाकणारे मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेले बदल, अनेक जण वापरतात. आपल्या संगणकावर कोणी काय खेळावे याला माझी अजिबात हरकत नाही. पण तोच बदल स्टुडिओने अधिकृतपणे करावा, या मागणीला माझा ठाम विरोध आहे, कारण ज्युडीने पुरुष व्हीला दिलेला नकार हाही तिच्यासाठी लिहिलेल्या कथेचाच भाग आहे.