चौदा महिने कोठे गेले: आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय ताई,

आपला अभिप्राय वाचल्यावर मी प्रथम फाईल उघडली, जावक नोंदवहीतील तारखा जुळवल्या आणि मगच हे उत्तर लिहायला घेतले. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे की, तीन महिन्यांत बांधकाम परवानगी मिळवून देतो असे सांगून आम्ही चौदा महिने लावले. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हातात असताना आपल्याला विनाकारण नगररचनेच्या वाटेने नेले. जमीन गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत असूनही थेट सनद (जमिनीच्या निवासी वापराचा शासकीय दाखला) मिळवून दिली नाही. एका नोंदीची अडचण आपल्यापासून लपवली. आणि ठरलेल्या फीखेरीज एक टक्का कमिशन मागितले. आपल्या गावाचे नाव व गट क्रमांक मी येथे लिहीत नाही. कोरेगाव तालुक्यातील एक गाव, एवढे पुरेसे आहे.

विलंबाचे आधी बोलतो, कारण त्यातील मोठा वाटा आमचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपण साताऱ्यातील पोवई नाक्याजवळच्या आमच्या कार्यालयात आलात, तेव्हा "तीन महिने धरा" हे शब्द माझ्याच तोंडून गेले होते. सातबाराचा उतारा नीट पाहण्याआधी कोणालाही मुदत सांगू नये, हे एकोणीस वर्षांच्या व्यवसायानंतर मला कळायला हवे होते. परंतु त्याहून मोठी चूक मार्चमध्ये झाली. आपल्या गटात हद्दीच्या खुणा शिल्लक नाहीत, त्यामुळे सरकारी मोजणी होऊन तिची 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हाती आल्याखेरीज घराचा नकाशा सादर करता येत नव्हता. त्या वेळी साधी मोजणी सहा महिन्यांच्या आणि तातडीची तीन महिन्यांच्या मुदतीची असे, आणि दोन्हींच्या फीमध्ये फरक होता. आमच्या सहकाऱ्याने आपला खर्च वाचावा या हेतूने साधी मोजणी भरली, पण तसे करण्याआधी आपल्याला विचारले नाही. हेतू चांगला असला तरी पैसे आपले होते आणि वेळही आपला होता, तेव्हा तो निर्णय आमचा नव्हता.

त्याचा परिणाम कसा झाला तेही सांगतो. आपल्या जमिनीच्या दोन्ही बाजूंना लगतधारकांचा खोडवा ऊस होता. तातडीची मोजणी भरली असती तर ती मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी झाली असती, आणि तेव्हा तो ऊस कमरेपर्यंतही आलेला नव्हता. साध्या मोजणीची तारीख सप्टेंबरमध्ये आली. भूकरमापक शेतावर पोहोचले तेव्हा ऊस डोक्याच्या वर गेला होता, एका बांधावरून दुसरा बांध दिसत नव्हता, आणि त्यांना काम न करताच परतावे लागले. गळीत हंगाम सुरू होऊन दोन्ही बाजूंचा ऊस तुटेपर्यंत डिसेंबर उजाडला. 'क' प्रत जानेवारी २०२३ मध्ये मिळाली आणि परवानगी एप्रिलमध्ये. म्हणजे चौदांपैकी सहा-सात महिने आमच्या एका न विचारलेल्या प्रश्नापायी गेले. (ऊसपट्ट्यात मोजणीचा अर्ज शेजारच्या उसाची वाढ पाहून भरावा, हे आम्ही नव्या सहकाऱ्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतो; या वेळी ते आम्हीच विसरलो.)

ग्रामपंचायतीच्या दाखल्याबाबत मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. गावठाणाच्या हद्दीतील घरासाठी ग्रामपंचायतीकडे जाणे योग्यच आहे. आपली जमीन गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेतील शेती विभागात आहे, आणि तेथील बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातील परवानगी लागते. तिची तांत्रिक छाननी नगररचना कार्यालय करते. सरपंचांनी दिलेला दाखला प्रामाणिकपणे दिलेला आहे, पण त्यावर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत, आणि आपल्याला कर्ज हवे होते हे आपण पहिल्याच भेटीत सांगितले होते.

"ग्रामीण भागात ३२०० चौरस फुटांपर्यंत नगररचनेची परवानगी नको" अशा बातमीचे कात्रण आपण अभिप्रायाला जोडले आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि लहान भूखंडांसाठी सोपी पद्धत आली, त्यावरून ती बातमी आहे आणि ती खोटी नाही. मात्र तो आकडा घराच्या क्षेत्राचा नसून भूखंडाच्या क्षेत्राचा आहे. आपले घर बाराशे चौरस फुटांचे असले तरी जमीन १४ गुंठे आहे, आणि एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा धरला तर ती १५,२४६ चौरस फूट होते.

शेजाऱ्यांचे घर वर्षाच्या आत उभे राहिले, असेही आपण लिहिले आहे. दुसऱ्यांच्या कागदपत्रांवर जाहीर बोलणे मला शोभणार नाही. एवढेच सांगतो की, शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात शेतघर बांधण्याची वेगळी तरतूद आहे आणि त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे ४० गुंठे, जमीन असावी लागते. ज्याच्याकडे तेवढे क्षेत्र आहे त्याची वाट आणि १४ गुंठ्यांच्या मालकाची वाट एक असू शकत नाही, मग बांध एक का असेना.

दोनशे मीटरचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर आपले बंधू व मी अनेकदा बोललो आहोत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये नंतर घातलेल्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन निवासी वापरासाठी अकृषिक (बिगरशेती) झाली असे मानले जाते आणि त्या वेळी रूपांतर कर वगैरे भरून सनद मिळत असे. गावात हे अंतर शेवटच्या घरापासून मोजतात. कायदा ते गावठाणाच्या नकाशावरील हद्दीपासून मोजतो. आपल्या गावाची वस्ती गेल्या तीस-चाळीस वर्षांत ओढ्याच्या अलीकडे सरकली आहे, पण गावठाणाची रेषा ओढ्यापलीकडेच आहे. शेवटच्या घरापासून आपली जमीन हाकेच्या अंतरावर असली तरी मोजणीच्या नकाशावर हद्दीपासूनचे अंतर ३४० मीटर भरले. म्हणून गावठाणाभोवतीच्या परिघात अधिमूल्य (शासनाला द्यायची जादा रक्कम) भरून निवासी बांधकाम करू देणाऱ्या, नियमावलीतील दुसऱ्या तरतुदीचा आधार आम्ही घेतला. ही वाट लांबची आणि खर्चाची आहे हे खरे, पण ४२-ड खाली अर्ज केला असता तर तो फेटाळला जाऊन पुन्हा येथूनच सुरुवात करावी लागली असती.

आता सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यातील नोंदीविषयी. आपली जमीन धोम धरण प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात (त्याच्या पाण्याचा लाभ मिळणाऱ्या भागात) असल्याने तेथे पुनर्वसनाची नोंद होती, आणि अशा जमिनीच्या हस्तांतरणावर, विभागणीवर व रूपांतरावर प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाच्या १९९९ च्या अधिनियमाने निर्बंध येतात. सातारा जिल्ह्यात कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी अशी धरणे झाली, त्यामुळे असे शेरे आमच्या टेबलावर नेहमीच येतात. आम्ही ही बाब २ मार्च २०२२ च्या पत्राने कळवली होती. परंतु फाईल पाहताना आढळले की ते पत्र केवळ आपल्या थोरल्या बंधूंना गेले. सातबारावर त्यांच्यासोबत आपले व आपल्या मातोश्रींचेही नाव असताना पत्राची प्रत तिघांनाही जायला हवी होती. आपल्याला हे कळले नाही, ही तक्रार रास्त आहे. या नोंदीने मुदत मात्र वाढली नाही, कारण तिचे काम मोजणीची वाट पाहत असतानाच जुलैमध्ये पूर्ण झाले होते.

पैशांबाबत. आमच्या अंदाजपत्रकात शेवटच्या ओळीत "१ टक्का" एवढेच लिहिले होते, आणि ते आपण आमचे कमिशन समजलात. तो इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीचा, त्या वेळी १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर आकारला जाणारा उपकर होता. त्यातील एक रुपयाही आमच्याकडे येत नाही. अधिमूल्य आणि उपकर यांच्या पावत्या आपल्या नावाच्या आहेत आणि मूळ प्रती आपल्याकडे दिल्या आहेत. ओळ अपुरी लिहिली ही आमची चूक. या महिन्यापासून अंदाजपत्रकात शासनाचा भरणा आणि आमची फी असे दोन स्वतंत्र तक्ते देत आहोत.

"टेबलाखालून दिले असते तर काम लवकर झाले असते", या आपल्या वाक्याला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे की तशी सेवा आमच्याकडे मिळत नाही.

आपण भरलेल्या आमच्या फीचा दुसरा हप्ता मी परत करत आहे. त्याचा धनादेश आपल्या नावाने तयार आहे. अभिप्राय काढून टाकावा असे मी म्हणत नाही. त्यातील 'कमिशन' हा शब्द मात्र पावत्या पाहून आपण बदलावा, ही विनंती आहे. परवानगीची मुदत एक वर्षाची आहे आणि आपण पावसाळा संपल्यावर पाया काढणार असल्याचे बंधूंकडून समजले. जोते पूर्ण झाले की त्यावर भिंती चढवण्याआधी आम्हाला कळवावे, म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणे सामासिक अंतरे (घराभोवती सोडायची मोकळी जागा) जागेवर तपासून जोत्याचा दाखला देता येईल. त्या कामाची फी आपल्याकडून घेतली जाणार नाही.