ग्रुपची इशारा पातळी

आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 45 वर धोका पातळी, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मात्र अशी पट्टी कुणी लावलेली नाही. ते काम ॲडमिन म्हणून माझ्याकडे आहे. पगार नाही, मान नाही, वर मोबाइल उशाशी ठेवून झोपायचं.

माझी पट्टी अशी. 'हे माझं वैयक्तिक मत आहे' असं कुणी लिहिलं की पाणी पात्राबाहेर पडलं. 'राग मानू नका, पण' दिसलं की 40 फूट. नाव न घेता 'काही विद्वान मंडळी' आली की 45. आणि कालपर्यंत 'काका' म्हणणारा माणूस 'साहेब' म्हणायला लागला, की तळमजल्यावाल्यांनी गाद्या वर न्यायला हरकत नाही.

राजकारण, जात, धर्म हे विषय आम्ही ग्रुपच्या माहितीत लिहून बंद केले. त्यामुळे ते सगळं आता कृष्णेवरच्या, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या नावाने येतं. जुलै संपता संपता कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका सुरू होतात. अलमट्टी काठोकाठ भरलं तरी पातळी 519.60 मीटर, तिथला फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबलेलं पाणी, सांगलीपर्यंत येऊच शकत नाही, असे सहा परिच्छेद. खाली तळमजल्यावरचे तात्या एका ओळीत विचारतात, "मग 2019 ला माझा फ्रीज काय पोहायला शिकत होता व्हय?" काका म्हणतात, भावनेने नाही, आकड्याने बोला. तात्या भिंतीवरच्या ओलीचा फोटो टाकतात. मग उंची 524.256 मीटर करण्याचा कर्नाटकचा बेत निघतो आणि रात्रीचे साडेअकरा वाजतात.

आता यात डिलीट करण्यासारखं काही नाही. काकांकडे आकडे आहेत, तात्यांकडे ओल आहे. अडचण माझीच आहे. मी मनातून तात्यांच्या बाजूचा. त्यामुळे काकांचा मेसेज मला लांबलचक वाटतो आणि तात्यांचा टोमणा मुद्देसूद. बोट काकांच्या मेसेजवर जरा जास्त वेळ दाबलं जातं. म्हणून मी एक नियम केलाय: ज्याचं पटत नाही त्याचा मेसेज आधी पूर्ण वाचायचा, मग बोट उचलायचं. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत बहुधा डुलकी लागते, आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्य वाचतं.

ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज उडवता येतो, पण उडवल्याची पाटी माझ्या नावासकट तिथेच राहते. ज्यांनी मूळ मेसेज वाचला नव्हता तेही मग खासगीत विचारतात, "काय लिहिलं होतं हो?" स्क्रीनशॉट कुणाकडे तरी असतोच. डिलीट केलेला मेसेज ठेवलेल्यापेक्षा जास्त लोक वाचतात. 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' हे बटण त्याहून वाईट. शेवटचा शब्द आपोआप माझा होतो आणि भांडण जिन्यात जातं. जिन्यात म्यूटची सोय नाही. दाबायचंच झालं तर अर्ध्या तासाच्या वर नको, आणि किती वाजता उघडणार ते आधी लिहायचं.

मतदान तर कधीच घेऊ नये. व्हॉट्सॲपचं मतदान गुप्त नसतं. कुणी काय दाबलं ते नावानिशी दिसतं. पाण्याच्या टँकरच्या वेळेवर घेतलेलं मतदान आमच्याकडे अजून व्याह्यांच्या मानापमानासारखं उगाळलं जातं.

फॉरवर्डचं सोपं आहे. डोक्यावर दुहेरी बाण असेल तर तो मेसेज गावभर फिरून आलेला असतो. 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे ढकलता येतो. आमचे लोक चिकाटीचे, ते एकेक करून ढकलतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण पाठवणाऱ्याने तो वाचलेलाच नसतो.

सगळं तापलं की कुणीतरी 'सायबरला तक्रार करतो, 66 अ लावतो' म्हणतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. नुसत्या त्रास देणाऱ्या मजकुरालाही त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकायची. टिकलं असतं तर सकाळी पावणेसहाला गुलाबाची फुलं पाठवणारे आमचे अर्धे सभासद आज आत असते. बदनामी आणि चिथावणीचे कायदे मात्र जागेवर आहेत, एवढं मी आठवण म्हणून लिहितो. सभासदाने काही बरळलं आणि त्यात ॲडमिनचा सामाईक इरादा नसेल, तर नुसता ॲडमिन म्हणून त्याला धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय. माझ्या झोपेचा आधार तो.

शेवटी कुणीतरी ग्रुप सोडतं. हल्ली गुपचूप सोडता येतो, फक्त ॲडमिनला कळतं. पण गुपचूप सोडण्यात काय मजा? आधी निरोपाचं भाषण होतं. आगरकर आपल्या भागातले, कराडजवळच्या टेंभूचे. (टेंभू म्हटलं की आता लोकांना फक्त उपसा सिंचन आठवतं.) टिळकांशी पटेना म्हणून त्यांनी 1887 साली 'केसरी' सोडला आणि 1888 साली 'सुधारक' काढला. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली तरी लिहिणं थांबवलं नाही. आमच्याकडे एवढा वेळ लागत नाही. पावणेआठला बाहेर, आठला नवा ग्रुप, सव्वाआठला त्यात मलाच ॲड करतात. ॲडमिन म्हणून.

आणि पाणी खरंच 40 कडे सरकायला लागलं की दोन्ही ग्रुपवर एकच चर्चा: आत्ता किती? एक म्हणतो 38 फूट 9 इंच, दुसरा म्हणतो 39, तिसरा पुलावर जाऊन फोटो काढतो आणि फोटोत पट्टीच दिसत नाही. तोवर तात्यांचा फ्रीज चौघांनी उचलून तिसऱ्या मजल्यावर काकांच्या हॉलमध्ये नेलेला असतो. आत भडंगाचा डबा आणि दुधाच्या पिशव्या तशाच. काका त्या फ्रीजला टेकून पुढचा परिच्छेद टाइप करत असतात, की फुगवटा इथपर्यंत येऊच शकत नाही.