रिव्ह्यूला उत्तर: पासिंगचं बिल आणि क्लच

दादा नमस्कार, गॅरेजचा मालक बोलतोय. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की छोटा हत्ती टेम्पो आरटीओच्या पासिंगच्या (फिटनेसच्या) कामाला दिला, ११,८०० बिल झालं, गाडी पास झाली आणि नवव्या दिवशी क्लच गेला, मग यांनी तपासलं काय, नुसती लूट. माल भरलेली गाडी रस्त्यात उभी राहिली की काय हाल होतात ते मला माहितीये, तुमचा राग मी समजू शकतो.

पण पासिंगला गाडी किती दिवस चालेल ते बघत नाहीत, गाडीमुळे कोणाचा जीव जाणार नाही ना ते बघतात. ब्रेक, हँडब्रेक, स्टीअरिंगचा प्ले (ढिलेपणा), टायर, हेडलाईटचा फोकस, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, पुढची पांढरी आणि मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी, चासी नंबर, पीयूसी, इन्शुरन्स असं सगळं. क्लच प्लेट किती उरलीये, इंजिन ऑइल खातंय का हे त्यात येतच नाही, क्लच संपत आलेली गाडी पण पास होते.

आता बिलाचं. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर (ब्रेक दाबणारा पार्ट) लीक होता, ब्रेकचे लायनर ब्रेक ऑइलने भिजलेले आणि ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायची, तुम्हाला गॅरेजमध्ये बोलवून ड्रम उघडून दाखवलं होतं. हायकोर्टाने सांगितल्यापासून २५० मीटरच्या ट्रॅकवर ब्रेक मारून दाखवावा लागतो, आपल्याला त्यासाठी दिवे गावच्या ट्रॅकला जावं लागतं, तिथून ही गाडी नापास होऊन परतच आली असती. आणि ट्रॅकचं सोडा हो, तुम्ही सासवडवरून सीताफळ भरून दिवे घाट उतरता, तिथे एका चाकाला ब्रेक नसेल तर काय होईल याचा विचार करूनच मला झोप लागली नसती.

टायरचं पण लिहिलंय, की दुसरीकडे पासिंगपुरते टायर लावून देतात आणि आम्ही नवीन दोन गळ्यात मारले. हो, तसं करणारे आहेत, मी करत नाही. नियमाने नक्षी १.६ मिलिमीटर तरी पाहिजे, तुमच्या मागच्या दोन्ही टायरला मधे हात फिरवला तर गुळगुळीत लागत होतं. आरटीओच्या साहेबांना दाखवून संध्याकाळी परत तेच गोटा टायर लावायचे आणि पावसात घाटात जायचं, असल्या कामाला माझ्याकडे कितीही पैसे दिले तरी नाहीच.

आणि दोन वर्षांनी व्हायचं ते आता दरवर्षी कशाला असं विचारलंय, तर तुमच्या गाडीला ८ वर्षं झाली, त्यानंतर फिटनेस वर्षाचंच मिळतं, ते आमच्या हातात नाही.

एक चूक मात्र आमची आहे. ट्रायल घेताना गॅरेजच्या पोराला क्लच वर लागतोय, म्हणजे प्लेट संपत आलीये असं वाटलं, त्याने जॉबकार्डवर लिहिलंही, पण तुम्हाला कोणी फोन केला नाही. मी तो कागद आज तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर काढून बघितला. पासिंगमध्ये येत नसलं तरी सांगायला पाहिजे होतं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. गाडी टोचन करून आणा, क्लचची मजुरी मी घेणार नाही, प्लेट आणि प्रेशर प्लेटचे पैसे दुकानाच्या बिलाप्रमाणे द्या, जुने पार्ट तुमच्या हातात देतो. सोमवारी गॅरेज बंद असतं तेवढं सोडून कधीही या.