राज्ये म्हणजे केंद्राची खाती नव्हेत

गेल्या आठवड्यात आमच्या आत्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक मजकूर पाठवला. आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या आत्याने तो न तपासता पुढे ढकलावा, याचेच मला जास्त वाईट वाटले. मजकुराचा आशय असा: घटनेच्या पहिल्या अनुच्छेदात ‘फेडरेशन’ नाही, ‘युनियन’ आहे, म्हणून राज्ये ही केंद्राची खातीच होत, बाबासाहेबांना बलवान केंद्र हवे होते, म्हणून राज्यांसाठी जादा अधिकार मागणे हा त्यांचाच अपमान, पैसा केंद्राचा, राज्यांना मिळते ती मेहेरबानी, आणि शेवटी, नेहमीप्रमाणे, देशाचे तुकडे होतील.

‘युनियन’ हा शब्द आहे, हे खरे. तो का घातला, हे मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत सांगितले होते: हे संघराज्य राज्यांमधल्या करारातून जन्मलेले नाही, त्यामुळे कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघता येणार नाही. फुटता येत नाही म्हणजे हाताखाली राहावे लागते, हा शोध मजकूर लिहिणाऱ्याचा स्वतःचा आहे. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात तर राज्यांना नगरपालिकांच्या पायरीवर आणून ठेवल्याच्या आक्षेपालाच त्यांनी उत्तर दिले. कायदे करण्याची आणि राबवण्याची सत्ता केंद्राच्या एखाद्या कायद्याने नव्हे, तर खुद्द घटनेने वाटून दिली आहे, आणि या बाबतीत केंद्र व राज्ये बरोबरीची आहेत, असे ते स्वच्छ म्हणाले. मजकुरात हे भाषण नाही, आणि ते का नाही हे सांगायला नकोच.

आता शिक्षणाचे पाहा. 1950 साली अमलात आलेल्या घटनेत शिक्षण, काही अपवाद वगळता, राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत होते. आणीबाणीत, 1976 साली, 42व्या घटनादुरुस्तीने शिक्षण आणि वने यांसह पाच विषय तिथून उचलून समवर्ती सूचीत टाकले, जिथे केंद्र आणि राज्ये दोघांनाही कायदे करता येतात, पण तंटा झाला की सहसा केंद्राचाच कायदा वरचढ ठरतो. तेव्हा शिक्षण राज्यांकडे परत द्या असे म्हणणारा माणूस बाबासाहेबांच्या मसुद्याकडेच परत जायला सांगतो आहे. त्याने अपमान कोणाचा केला?

मेहेरबानीबद्दल एवढेच: केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेतला राज्यांचा वाटा अनुच्छेद 280 खालचा वित्त आयोग सुचवतो, आणि 15व्या आयोगाने तो 41 टक्के सुचवला. उपकर (ठरावीक कामासाठी लावलेला कर) आणि अधिभार (करावरचा जादा कर) मात्र या रकमेत धरलेच जात नाहीत, म्हणजे त्यांतला वाटा राज्यांना मिळत नाही. तक्रार करायची तर तिथे जागा आहे. तुकड्यांची भीती तर 1948 च्या दार आयोगानेही भाषावार प्रांतांबाबत घातली होती. 1 मे 1960 ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, देश जागच्या जागी आहे.

नाइलाजाने दोन गोष्टी मान्य करतो. केंद्र खरोखरच बलवान आहे: अनुच्छेद 3 खाली संसद राज्याच्या सीमा त्याच्या संमतीवाचून बदलू शकते. दुसरी गोष्ट मजकुरात शेवटून दुसऱ्या ओळीत, कंसात आहे: राज्ये वरून अधिकार मागतात, खाली देत नाहीत. हे खरेच आहे. 74व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी 18 कामे लिहून ठेवली, तरी मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तिचा कारभार प्रशासकाच्या हाती होता, आणि त्याला नेमणारे सरकार दिल्लीत नव्हे, मंत्रालयात बसते.