‘घोडबंदरकर’ यांना उत्तर : कांद्यावरचा कर नेमका कुणी सोसला?

कांद्यावरच्या निर्यात शुल्काबद्दल मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. मुद्दा एवढाच होता की १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने लावलेलं ४० टक्के शुल्क कागदोपत्री निर्यातदाराने भरलं, पण त्याचा मोठा भार पडला तो नाशिक, पुणे, नगरच्या कांदा उत्पादकावर. त्यावर ‘घोडबंदरकर’ या नावाने ठाण्यातल्या एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली. ती जशीच्या तशी प्रसिद्ध केली आहे, एक अक्षरही कापलेलं नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार असं : “नवी मुंबईत फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून शेतकऱ्याच्या नावाने गळा काढणं सोपं आहे. ज्याच्या नावाने चलन फाटतं तोच कर भरतो, हे शाळकरी पोरालाही कळतं, शेतकऱ्याचा यात संबंध काय?” शिवाय, या करामुळे शहरातल्या गरिबाला कांदा परवडला हे मी दडवलं, लेख म्हणजे व्यापाऱ्यांची वकिली आहे, आणि शीर्षक भडक आहे.

शीर्षकाचं मान्य. ‘शेतकऱ्याच्या खिशात सरकारचा हात’ यापेक्षा सौम्य काही देता आलं असतं.

आता पंख्याचं. घोडबंदरकर, मतभेदाला माझी कधीच ना नाही. या ब्लॉगवर माझ्या लेखापेक्षा लांब प्रतिक्रिया आल्या आहेत आणि मी त्या आनंदाने वाचल्या आहेत. पण तुम्ही मुद्द्याला हात घालण्याआधी माझी लायकी काढलीत. मी कुठे बसून लिहितो हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझे वडील माथाडी कामगार होते. १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार मुंबईहून वाशीला हलला आणि त्याच्या मागोमाग आमचं कुटुंब खाडी ओलांडून इकडे आलं. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत मी वाढलो. वडिलांच्या पाठीवरच्या गोण्यांवर माझं बी. कॉम. झालं आणि नंतर त्याच बाजारात एका गाळ्यावर मी हिशेब लिहायला बसलो. नोकरीचा जवळपास सगळा काळ तिथेच गेला. शेतकऱ्याला जाणारी पट्टी मी लिहीत असे. वर गोण्या, वजन, भाव, त्याखाली मोटारभाडं, हमाली, तोलाई, वाराई, आणि सगळ्यात खाली त्याच्या हातात पडणारी रक्कम. कधी कधी ती रक्कम इतकी लहान असायची की पट्टी पाकिटात घालताना मान खाली जायची. त्या माणसाबद्दल लिहिताना मी ‘गळा काढतो’ असं तुम्ही म्हणता. हे शब्द मला लागले आहेत.

बरं, माझं बालपण कुठेही गेलेलं असतं, अगदी तुमच्या टॉवरच्या विसाव्या मजल्यावर गेलेलं असतं, तरी हिशेब तोच राहिला असता. म्हणून आता हिशेबाकडे येतो.

‘ज्याच्या नावाने चलन फाटतं तोच कर भरतो.’ तुमचं सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं आहे आणि हे वाक्य चूक आहे. सरकारी तिजोरीत पैसे कुणी नेऊन भरायचे एवढंच कायदा ठरवू शकतो. ते पैसे शेवटी कुणाच्या खिशातून जाणार, हे बाजार ठरवतो. व्यवहारातल्या ज्याला पळवाट आहे तो कर दुसऱ्यावर ढकलतो, आणि ज्याला पळवाट नाही त्याच्या माथी तो बसतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात हे लवचिकतेच्या नावाखाली असतं. शाळकरी पोराला ते माहीत नसतं, त्यात त्याचा काही दोष नाही.

आता ऑगस्ट २०२३ मध्ये पळवाट कुणाला होती ते पाहू. दुबईच्या किंवा मलेशियाच्या आयातदाराला होती. भारताचा कांदा महागला तर पाकिस्तानचा, चीनचा, इजिप्तचा आहे. निर्यातदारालाही होती. कांद्यात सुटत नसेल तर तो डाळिंब पाठवेल, नाहीतर महिनाभर हात आखडता घेईल. शेतकऱ्याला काय होतं? निफाड तालुक्यातल्या माझ्या मेहुण्याकडे तेव्हा उन्हाळ कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, भरलेली होती. तो कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढलेला. ऑगस्टपर्यंत चाळीत वजन घटत जातं, खालच्या थरातला कांदा दमट हवेने सडू लागतो, मोड यायला लागतात. चाळीशी उभं राहिलं तरी वासावरून कळतं की आता फार दिवस थांबता येणार नाही. तो कांदा परत जमिनीत घालता येत नाही आणि पुढच्या वर्षासाठी ठेवताही येत नाही. येईल त्या भावाला विकणं एवढंच हातात उरतं. असा माणूस कर कुणावर ढकलणार?

आकडे मांडून दाखवतो. हे समजण्यापुरते आहेत, कुठल्या एका दिवसाचे नाहीत. समजा, जहाजावर चढवलेल्या मालाचा, ज्याला बंदरात एफओबी म्हणतात तो भाव किलोला ३५ रुपये आहे. प्रतवारी, गोणी, न्हावा-शेव्यापर्यंतचं भाडं, बंदराचा खर्च आणि निर्यातदाराचा नफा मिळून ७ रुपये. म्हणजे निर्यातदार लासलगावच्या लिलावात २८ रुपयांपर्यंत बोली लावू शकतो. आता ३५ वर ४० टक्के शुल्क म्हणजे १४ रुपये. ट्रकवाला भाडं कमी करत नाही, गोणी स्वस्त होत नाही. मग बोली उतरते २८ वरून १४ वर. चलन फाटलं निर्यातदाराच्या नावाने, शुल्क होतं ४० टक्के, आणि शेतकऱ्याचा भाव उतरला निम्म्याने. मधले सगळे आपापला वाटा आधी काढून घेतात आणि उरेल ते ज्याला मिळतं, त्याच्यावर सगळा दाब येतो.

प्रत्यक्षात हा दाब पूर्ण १४ रुपयांचा नसतो. भारत मोठा निर्यातदार आहे, आपला माल अडला की आखातात भाव थोडे चढतात आणि शुल्काचा काही हिस्सा तिथला ग्राहक देतो. म्हणूनच मूळ लेखात मी ‘मोठा भार’ असं लिहिलं होतं, ‘सगळा भार’ असं नाही. तुम्ही उत्तर देताना ‘सगळा’ हा शब्द माझ्या तोंडी घातलात. लेख पुन्हा उघडून पाहा, तो शब्द कुठेही नाही. वाचायला वेळ नसेल तर हरकत नाही, पण मग मी न लिहिलेलं खोडून काढण्याचे कष्टही घेऊ नयेत.

आणखी एक शंका तुम्ही जाता जाता टाकली आहे : देशाबाहेर जातो किती कांदा, आणि त्याने सगळा भाव कसा पडेल? २०२२-२३ मध्ये सुमारे २५ लाख टन कांदा निर्यात झाला आणि उत्पादन होतं ३०० लाख टनांच्या आसपास. म्हणजे दहावा हिस्साही नाही. पण लिलावाच्या ओट्यासमोर निर्यातीचा कांदा वेगळा आणि दिल्ली-कोलकात्याचा वेगळा असे दोन ट्रॅक्टर उभे नसतात. एकाच ट्रॉलीवर दोघांच्या बोली लागतात. वरची बोली लावणारा मागे हटला की खालच्याला वर चढायचं कारणच उरत नाही. शिवाय जो कांदा बाहेर गेला नाही तो इथल्याच आवकेत मिसळतो. त्यामुळे शुल्क बसलं निर्यातीच्या किलोवर, भाव पडला प्रत्येक किलोचा. निर्यातीच्या किलोवरचे पैसे निदान सरकारला मिळाले. बाकीच्या किलोंवर शेतकऱ्याने जे गमावलं ते तिजोरीतही गेलं नाही.

हे मी वाशीच्या बाजारात दुसऱ्या रूपात स्वतः पाहिलेलं आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि अडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवून विरोध केला. अडत हा कर नव्हे, पण गणित तेच. पट्टीतला अडतीचा रकाना मी लिहायचा थांबलो. त्यानंतरच्या दिवसांत तुमच्याच ठाण्याच्या जांभळी नाक्यावरचा एक दुकानदार, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, गाळ्यावर आला. गोणीत कोपरापर्यंत हात घालून त्याने तळातला कांदा वर काढला, अंगठ्याने मान दाबून पाहिली आणि म्हणाला, “शेठ, आता अडत माझ्या बोडक्यावर आहे, भाव त्या हिशेबाने धरा.” शेठने धरला. हे रोज झालं, अनेक गिऱ्हाइकांबरोबर झालं. शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत गेली आणि भावाच्या रकान्यात बराचसा खळगा पडला. हिशेब पूर्वीपेक्षा स्वच्छ झाला हा फायदा झालाच, तो मी नाकारत नाही. पण कुणाच्या नावाने कापायचं हे बदलल्याने कुणी सोसायचं हे बदलत नाही. मी ज्या गाळ्यावर होतो तिथे हा परिच्छेद कुणाला आवडणार नाही, आणि तुम्ही मला व्यापाऱ्यांचा वकील म्हणता.

शेतमालाचं उदाहरण परकं वाटत असेल तर तुमच्या दारातलं घ्या. १ सप्टेंबर २०२० पासून वर्षअखेरीपर्यंत राज्य सरकारने घरांच्या मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली, मग ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची. मुद्रांक शुल्क खरेदीदाराने भरायचं असतं, पावती त्याच्या नावाची. तरीही त्या काळात काही बिल्डर ‘स्टॅम्प ड्युटी आम्ही भरतो’ अशा जाहिराती करत होते. का? कारण बांधून तयार असलेली, न विकलेली घरं त्यांच्या गळ्यात होती आणि गिऱ्हाईक थांबायला तयार होतं. तिथे अडकलेला बिल्डर होता, म्हणून भार त्याच्याकडे सरकला. नियम एकच आहे.

कराने आणखी एक नुकसान होतं, त्याचा उल्लेख तुमच्या प्रतिक्रियेत नाही आणि माझ्या लेखातही तो एका ओळीत उरकला होता. एकाकडून दुसऱ्याकडे गेलेले पैसे निदान कुणाच्या तरी हातात असतात. पण शुल्कामुळे जो कांदा गेलाच नाही, जो शेडमध्ये निवडला गेला नाही, ज्याची गोणी शिवली गेली नाही, त्या व्यवहारातून मिळणारा फायदा शेतकऱ्याला, ग्राहकाला, सरकारला, कुणालाच मिळत नाही. ज्यूल द्यूपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४४ मध्येच दाखवलं की हे नुकसान कराच्या प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतं. कर दुप्पट झाला की नुकसान ढोबळमानाने चौपट. उलटही तसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आलं तेव्हा बाजाराचा श्वास मोकळा झाला तो नुसता निम्म्याने नव्हे. १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्ण गेलं. निवडाईच्या शेडमध्ये बसणाऱ्या बायकांचा रोज या सगळ्या काळात कुठे आणि किती बुडाला याची नोंद कुठल्याही चलनावर नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकतं ते हे.

शहरी गरिबाचा मुद्दा मोठा आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे लांबण लावत नाही. एवढंच सांगतो : शुल्क असतानाही ऑक्टोबर २०२३ अखेरीस शहरांत कांदा कडाडला आणि २८ ऑक्टोबरला सरकारला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावावं लागलं, ८ डिसेंबरला तर निर्यातबंदीच आली. तोवर चाळी बऱ्याचशा रिकाम्या झाल्या होत्या. शेतकऱ्याने पडलेल्या भावात विकला आणि गरिबाने चढलेल्या भावात घेतला. गरिबाला स्वस्त कांदा द्यायचाच असेल तर त्याचा खर्च सगळ्या करदात्यांनी मिळून उचलावा. तुम्हीही आणि मीही. एकट्या निफाड-चांदवडच्या डोक्यावर तो का?

‘अर्थशास्त्र शिकून या’ वगैरे शेवटच्या ओळींना उत्तर देत नाही. माझ्या वयाच्या माणसाशी असं बोलायची तुमच्याकडे पद्धत असेल, आमच्या वसाहतीत नाही.

पण एका गोष्टीचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे. शुल्क जाहीर झाल्यावर लासलगावसह नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, आणि तिसऱ्याच दिवशी, २२ ऑगस्टला, केंद्र सरकारने आणखी दोन लाख टन कांदा २४१० रुपये क्विंटलने विकत घेण्याचं जाहीर केलं. शेतकऱ्याचा या कराशी संबंध नव्हता, तर ते २४१० रुपये सरकार कुणाला द्यायला निघालं होतं? पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा आधी हे सांगा. तीही कापणार नाही.