ग्रेट्झकीने लॉस एंजेलिसला कप मिळवून दिला नव्हता
सकाळपासून एकच मेसेज तिसऱ्यांदा आलाय, की लॉस एंजेलिसच्या किंग्ज या आइस हॉकी टीमने १९८८ ला महागडा स्टार फॉरवर्ड (पुढे खेळून गोल करणारा) वेन ग्रेट्झकी घेतला आणि स्टॅनली कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगचं विजेतेपद, जिंकला, म्हणून आपल्या टीमनेही स्टार फॉरवर्डसाठी हात सैल सोडावा. अहो, साफ चुकीचंय हे. किंग्जचा पहिला कप २०१२ चा! ग्रेट्झकी असताना ते १९९३ ला फायनलला गेले आणि मॉन्ट्रियलकडून हरले. आणि त्याच्यासाठी दिलं काय, तर आदल्याच सीझनला ५५ गोल मारलेला जिमी कार्सन, शिवाय मार्टिन जेलिना, पहिल्या राउंडचे तीन ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क), वर दीड कोटी डॉलर. उलट ज्यांनी त्याला सोडलं त्या एडमंटनने १९९० ला त्याच्याशिवाय कप उचलला. कॅलिफोर्नियात हॉकीचं वेड त्याच्यामुळे वाढलं हे मला मनापासून मान्य, पण कप नाही आला.